दलदलीचे ऋण

युरोप खंडाच्या वायव्येस, अटलांटिक महासागरात, आयर्लंड नावाचे एक हिरवेगार बेट आहे. त्याचा बहुतेक भाग त्याच नावाच्या प्रजासत्ताकाने व्यापला आहे. बेटाच्या मध्यभागाचा प्रदेश बशीसारखा सखल व सपाट असून शॅनन ही त्या देशातील सर्वांत लांब नदी त्यातून संथपणे वाहत जाते. येथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतच असतो; ऊन बेताचे, हवा थंड आणि दमट. अशा भूमीवर पडलेले पाणी लवकर वाहूनही जात नाही आणि आटूनही जात नाही. त्यामुळे ह्या प्रदेशात कोसच्या कोस पसरलेल्या दलदली निर्माण झाल्या. त्यांच्या पोटात पीट नावाचे इंधन साठलेले आहे. ह्या इंधनाने एका गरीब देशाच्या घराघरांत उजेड पोचवला आणि हजारो कुटुंबांच्या तोंडी घास घातला. पुढे मात्र त्याच देशाने पीट जाळून वीज निर्माण करणे बंद केले. असे का घडले, आणि ज्यांचे पोट पीटवर अवलंबून होते त्यांची काय व्यवस्था लागली, ही हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर होय. एरवी झाडाचे पान जमिनीवर पडले, की बुरशी व सूक्ष्म जंतू त्याचा फडशा पाडतात आणि थोड्याच काळात त्याची माती होते. ह्या कामी त्या जीवांस प्राणवायू लागतो. दलदलीत साचून राहिलेल्या पाण्यामुळे प्राणवायू खोलवर पोचत नाही. म्हणून तेथे मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपले, बर्फ वितळला आणि मध्य आयर्लंडात ठिकठिकाणी उथळ सरोवरे राहिली. काठावरील लव्हाळ्यांचे अवशेष तळाशी साचत गेले व ती सरोवरे हळूहळू भरून आली. त्यांवर स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढू लागले. हे शेवाळ मोठे विलक्षण आहे. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटींपर्यंत पाणी ते स्पंजाप्रमाणे धरून ठेवते आणि भोवतालचे पाणी आम्ल करून इतर वनस्पतींस तेथे सहसा वाढू देत नाही. त्याचा शेंडा वर वाढत राहतो, खालचा भाग मरतो आणि त्या मेलेल्या भागाचे पीट बनते.

परंतु हे काम अत्यंत मंदगतीने चालते. पीटचा थर वर्षाला सरासरी एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे एक मीटर जाडीचा थर साठण्यास सुमारे एक हजार वर्षे लागतात! मध्य आयर्लंडातील काही दलदलींत तर हा थर नऊ-दहा मीटर खोल होता. लाँगफर्ड परगण्यात कोर्ली येथे पीट काढताना ओकच्या जाड फळ्यांचा एक प्राचीन रस्ता आढळला. लाकडातील वर्षवलये मोजून विद्वानांनी असे ठरवले, की त्या फळ्यांसाठी वृक्ष इसवी सनापूर्वी १४८ ह्या वर्षी तोडले होते. एकवीसशे वर्षे ते लाकूड दलदलीने जसेच्या तसे जपून ठेवले होते. एका परीने ही दलदल म्हणजे त्या देशाची जुनी बखरच होती.

आयर्लंडातील शेतकरी शेकडो वर्षांपासून पीट जाळत आला. देशात जंगले थोडी व कोळसा फारच थोडा. तेव्हा चुलीसाठी दुसरे काय मिळणार? वसंत ऋतू सरत आला, की घरातील लहानथोर माणसे दलदलीवर जात. लांब दांड्याच्या, एका बाजूस पाते वळवलेल्या खास कुदळीने एकजण पीटचे विटेएवढे लांबट तुकडे कापून काढी. दुसरा ते झेलून जमिनीवर पसरी. पुढे मुले ते तुकडे उलटत, एकमेकांना टेकवून उभे करीत आणि वाऱ्यावर वाळू देत. महाराष्ट्रातील खेड्यांत गोवऱ्या वाळवून पावसाळ्यासाठी रचून ठेवतात, तशीच ही बेगमी असे. घरासमोर रचलेली पीटची रास पाहून हिवाळा कसा जाईल, ह्याचा अदमास शेजारीपाजारी बांधीत.

पुढे ह्या घरगुती इंधनाला राष्ट्राच्या कारभारात मोठे स्थान मिळाले. १९२२ मध्ये आयर्लंडात स्वतंत्र शासन स्थापन झाले. नव्या शासनापुढे प्रश्न होता, की कारखाने व दिवे चालवण्यासाठी शक्ती कोठून आणावी? १९२९ मध्ये शॅनन नदीवर मोठे जलविद्युत केंद्र सुरू झाले; पण तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. कोळसा ब्रिटनमधून आणावा लागे. दुसऱ्या महायुद्धात तो मिळेनासा झाला, तेव्हा देशावर बिकट प्रसंग ओढवला. दूरदूरच्या परगण्यांतून माणसे बोलावून पीट कापण्याची मोहीम काढण्यात आली. डब्लिन ह्या राजधानीच्या शहरात फिनिक्स पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. त्यातील रस्त्याच्या कडेने पीटचे डोंगर उभे राहिले आणि नगरवासीयांच्या शेगड्या त्यावर पेटल्या.

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, शासनाने ‘बोर्ड ना मोना’ ही संस्था स्थापन केली. आयरिश भाषेत ह्या नावाचा अर्थ ‘पीट मंडळ’ असा आहे. दलदलींतून यंत्रांच्या साहाय्याने पीट काढावे आणि परक्यांवर विसंबून न राहता देशाने आपली वीज आपण निर्माण करावी, हा तिचा उद्देश होता. १९५० मध्ये पोर्टार्लिंग्टन येथे पीटवर चालणारे विद्युतकेंद्र सुरू झाले. पाठोपाठ ऑफली, लाँगफर्ड, मेयो इत्यादी परगण्यांत अशी केंद्रे उभी राहिली. दलदलींतून अरुंद लोहमार्ग टाकण्यात आले आणि पीटने भरलेल्या छोट्या आगगाड्या केंद्रांकडे धावू लागल्या.

यंत्राने पीट काढण्याची रीतही पाहण्यासारखी होती. दलदलीतील ओल्या पीटमध्ये शंभर किलोंस नव्वद किलोंहून अधिक पाणीच असते. म्हणून प्रथम दलदलीत समांतर चर खणून कित्येक वर्षे तिचे पाणी काढून लावीत. जमीन यंत्राचे वजन पेलण्याइतकी घट्ट झाली, की वरची साल काढून पीट उघडे करीत. उन्हाळ्यात एक यंत्र सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा थर खरवडून त्याचा भुगा करी. दुसरे यंत्र तो भुगा उलटून वाळवी. तिसरे त्याचे वरंबे घाली आणि चौथे ते उचलून मोठ्या राशीवर टाकी. ऊन चांगले पडले, तर दोन-तीन दिवसांत एक काढणी पुरी होई आणि एका उन्हाळ्यात अशा दहा-बारा काढण्या होत. येथे थोडा हिशेब करून पाहावा. एक सेंटिमीटर पीट साठण्यास सुमारे दहा वर्षे लागतात. तेव्हा दहा काढण्यांत शंभर वर्षांचे संचित निघून जाई! निसर्गाने शतकभरात जे जमवले, ते माणूस एका उन्हाळ्यात खर्च करीत होता.

तथापि त्या काळी ह्या हिशेबाकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते, आणि त्याबद्दल त्या पिढीस दोष देणेही न्यायाचे होणार नाही. मध्य आयर्लंडात त्या वेळी दारिद्र्य फार होते. तरुण मुलगा हाताशी आला, की पोटासाठी त्याला इंग्लंडची वाट धरावी लागे. पीटच्या उद्योगाने त्याला आपल्याच गावात काम दिले. आरंभी कामगार छावण्यांतून राहत; पुढे त्यांच्यासाठी घरांच्या नीटनेटक्या वसाहती बांधण्यात आल्या. बाप यंत्र चालवी, मुलगा कर्मशाळेत लोहारकाम शिके, आणि शाळेला सुट्टी लागली म्हणजे धाकटा भाऊही दलदलीवर जाऊन चार पैसे मिळवी. गावातील दुकाने व खेळांचे संघ ह्याच मिळकतीवर चालत. उन्हाळा कोरडा गेला, की सर्वांच्या चेहऱ्यांवर समाधान दिसे. पावसाने झोडपले, की सगळा गाव चिंतेत पडे. ह्या माणसांना आपल्या कामाचा अभिमान होता. आपण देशाचे दिवे पेटते ठेवतो, ही त्यांची भावना होती आणि ती खरीच होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ह्या उद्योगाची दुसरी बाजू स्पष्ट दिसू लागली. वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन वाढतात. त्यांतील कार्बन पीटच्या रूपाने दलदलीत हजारो वर्षे कोंडून राहतो. पृथ्वीवरील जमिनीचा केवळ तीन टक्के भाग पीटने व्यापलेला आहे. परंतु जगातील मातीत असलेल्या एकंदर कार्बनपैकी सुमारे एक-तृतीयांश त्यात साठलेला आहे. पीट जाळले, की हा कार्बन पुन्हा वायूच्या रूपाने हवेत जातो. सारखीच उष्णता मिळवायची, तर पीटपासून कोळशाहूनही अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. ह्या वायूचे आवरण दाट झाल्यामुळेच पृथ्वीचे तापमान वाढत आहे. शिवाय, न जाळता नुसती दलदल कोरडी केली, तरीही हानी होतेच. कारण पाणी गेले, की प्राणवायू आत शिरतो, इतकी वर्षे थांबलेली कुजण्याची क्रिया सुरू होते आणि कार्बन हवेत मिसळू लागतो.

इतके करून मिळणारी वीजही देशाच्या एकंदर विजेच्या एक-दशांशाहून कमी भरू लागली. ही केंद्रे चालावीत म्हणून प्रत्येक ग्राहकाच्या वीजबिलात एक जादा आकार घेतला जाई. तेव्हा हा व्यवहार भूमीला, हवेला आणि खिशालाही जड होत चालला होता.

२०१८ मध्ये बोर्ड ना मोनाने घोषणा केली, की १७ दलदलींतील काढणी तत्काळ थांबवण्यात येईल आणि उरलेल्या ठिकाणची सात वर्षांत बंद होईल. पीटऐवजी लाकूड वगैरे इंधने वापरून विद्युतकेंद्रे काही वर्षे चालू ठेवावीत, असाही बेत होता. परंतु २०१९ मध्ये शॅननब्रिज येथील केंद्रास त्यासाठी परवानगी नाकारण्यात आली. त्यामुळे जे सावकाश व्हायचे, ते एकाएकी जवळ आले. डिसेंबर २०२० मध्ये शॅननब्रिज व लेन्सबरो ही दोन्ही केंद्रे बंद पडली. जानेवारी २०२१ मध्ये बोर्ड ना मोनाने पीटची काढणी कायमची थांबवल्याचे जाहीर केले. एडनडेरी येथील शेवटच्या केंद्राने २०२३ च्या अखेरीस पीट वापरणे सोडले. ते आता लाकडासारख्या वनस्पतिजन्य इंधनावर चालते. अशा रीतीने सुमारे पाऊणशे वर्षांचा एक कालखंड संपला.

देशाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता. पण ज्या घरातील चूल त्या वेतनावर पेटत होती, त्या घरात निराळाच प्रश्न उभा राहिला. पन्नाशी उलटलेल्या ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पीट काढण्याचे यंत्रच चालवले, त्याने आता कोठे जावे? त्याचे कौशल्य दलदलीबाहेर कोणाला हवे होते? आणि काम केवळ कामगाराचेच जाते असे नाही. न्याहारीचे दुकान, यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर, मालमोटारीचा चालक, ह्या सर्वांचे उत्पन्न घटते. लेन्सबरो येथे तर केंद्रातून नदीत सोडलेल्या कोमट पाण्यात मासे गोळा होत आणि ते गळाला लावण्यासाठी लांबलांबचे हौशी लोक येऊन राहत. केंद्र बंद झाले, तसा तो कोमट प्रवाहही थांबला.

ह्या लोकांचे म्हणणे असे होते, की ‘एके काळी देशाला आमची गरज होती, तेव्हा देशानेच आम्हांला दलदलीत बोलावले. आता सर्वांच्या हितासाठी हे काम थांबवायचे असेल, तर त्याची झळ एकट्या आम्हीच का सोसावी?’ हे म्हणणे न्याय्य होते. जो बदल सर्वांच्या कल्याणाचा, त्याचा भारही सर्वांनी वाटून घेतला पाहिजे. ह्याच तत्त्वाला ‘न्याय्य स्थित्यंतर’ असे नाव मिळाले आहे.

आयर्लंडच्या शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्या कामासाठी एक स्वतंत्र आयुक्त नेमला. कामगारांच्या तंट्यांत समेट घडवून आणण्याचा दीर्घ अनुभव असलेले कीरन मल्व्ही हे ते गृहस्थ होत. त्यांनी कामगार, त्यांच्या संघटना, व्यापारी व परगण्यांचे कारभारी ह्या सर्वांचे म्हणणे ऐकून शासनास अहवाल सादर केले. २०२० मध्ये ह्या प्रदेशासाठी खास निधी उभारण्यात आला. घरे उबदार राहावीत व इंधन कमी लागावे, अशी त्यांची सुधारणा करण्यासही पैसा देण्यात आला. त्यामुळे गवंडी, सुतार अशा कारागिरांच्या हातांना काम मिळते. ऑफली परगण्यातील माउंटलुकस येथे अशा बांधकामाचे शिक्षण देणारे केंद्र चालते. पुढे युरोपीय संघ व आयरिश शासन ह्यांनी मिळून २०२७ पर्यंतच्या काळासाठी सुमारे १६ कोटी ९० लक्ष युरोंची योजना आखली.

ह्या सर्व योजनांत एक योजना विशेष लक्षात राहण्यासारखी आहे. ती म्हणजे दलदलींस पुन्हा ओले करण्याची. नोव्हेंबर २०२० मध्ये शासनाने सुमारे ३३,००० हेक्टर भूमीच्या पुनरुज्जीवनासाठी १० कोटी ८० लक्ष युरो मंजूर केले. ह्या कामास माणसे कोठून आणावयाची? ती तेथेच होती. कोणता चर कोठून कोठे जातो, कोणती जागा यंत्राचे वजन पेलते आणि कोठे ते रुतून बसते, हे पीटच्या कामगारांइतके कोणास ठाऊक असणार? ज्यांनी पूर्वी चर खणले, तेच आता यंत्राने पीटचे बांध घालून ते चर बुजवतात. पाणी अडते, वर चढते आणि जमिनीच्या पृष्ठभागापाशी स्थिर होते. प्राणवायूची वाट बंद होऊन कुजणे मंदावते. प्रथम पाणगवत व लव्हाळे उगवतात. जागा अनुकूल असेल, तेथे कालांतराने स्फॅग्नमही परतते.

काही दलदलींच्या जागी आता पवनचक्क्या फिरतात. मेयो परगण्यात बेलाकोरिक येथे पीटचे केंद्र असतानाच, १९९२ मध्ये, देशातील पहिले व्यापारी पवनविद्युतकेंद्र उभे राहिले होते. माउंटलुकस येथे २०१४ पासून अठ्ठावीस पवनचक्क्या वीज देत आहेत. ऑफलीतील लॉख बूरा येथे तर जुन्या पीटच्या भूमीवर तळी, झाडी व पायवाटा असलेले मोठे उद्यान झाले आहे. ह्याच बूरा येथे १९७७ मध्ये सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा सापडल्या होत्या.

सारे प्रश्न सुटले, असे मात्र म्हणता येणार नाही. पवनचक्की उभारताना माणसे पुष्कळ लागतात; पण एकदा ती फिरू लागली, की थोडीच पुरतात. कित्येक कामगारांनी ठरावीक रक्कम घेऊन वेळेआधीच निवृत्ती पत्करली. केंद्रे ठरल्यापेक्षा लवकर बंद पडली आणि नवे उद्योग मात्र सावकाश उभे राहतात. ह्या मधल्या काळाची झळ गावांना सोसावी लागते. घरगुती चुलीचा प्रश्नही नाजूक आहे. २०२२ मध्ये पीटच्या विक्रीवर निर्बंध आले. तरी ज्यांना दलदलीवर पिढीजात हक्क आहे, त्यांना स्वतःच्या घरापुरते पीट कापता येते. ज्या म्हाताऱ्या माणसाजवळ दुसरे इंधन घेण्यास पैसा नाही, त्याला थंडीत कुडकुडत ठेवून हवा स्वच्छ करणे कोणासही शोभणार नाही. म्हणून हा बदल नेटाने, पण माणसांचे मुख पाहून करावा लागतो.

२०२२ मध्ये ह्या प्रयत्नांना एक सुंदर फळ आले. क्रौंच पक्षी आयर्लंडातून सुमारे तीनशे वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. पुन्हा ओल्या केलेल्या एका दलदलीत त्यांच्या एका जोडीने घरटे केले आणि त्यांची पिले मोठी होऊन आकाशात उडाली. पक्ष्यांस उपद्रव होऊ नये, म्हणून ती जागा गुप्त ठेवण्यात आली. पीट काढण्याचे काम थांबले, म्हणून हे पक्षी परतले. आणि दलदल सांभाळण्याचे काम सुरू झाले, म्हणून त्यांना तेथे थारा मिळाला.

कोळसा, तेल किंवा पीट ह्यांवर जगणारी गावे पृथ्वीच्या पाठीवर पुष्कळ आहेत. त्या गावांपुढेही आज ना उद्या हाच प्रसंग येणार आहे. आयर्लंडच्या ह्या हकिकतीवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. निसर्गाने दहा हजार वर्षांत साठवलेले धन ही एका पिढीची मालमत्ता नव्हे. ते ऋण आहे आणि ते फेडावे लागते. तसेच ज्यांच्या श्रमावर देशाचे दिवे पेटले, त्यांचेही ऋण देशावर असते. एक ऋण फेडताना दुसऱ्याचा विसर पडू देऊ नये.

अभ्यास

१. दलदलीत वनस्पती पुरत्या का कुजत नाहीत? दलदल कोरडी केल्यास काय घडते?

२. एका उन्हाळ्यात आठ काढण्या झाल्या, तर किती वर्षांचे पीट निघून जाईल? धड्यातील माहितीवरून हिशेब करा.

३. पीटचा उद्योग बंद झाल्यावर कामगारांखेरीज आणखी कोणाकोणास झळ पोचली?

४. दलदली पुन्हा ओल्या करण्यासाठी जुन्या कामगारांचा अनुभव कसा उपयोगी पडला?

५. ‘जो बदल सर्वांच्या कल्याणाचा, त्याचा भारही सर्वांनी वाटून घेतला पाहिजे.’ ह्या विधानाचे दहा-बारा ओळींत स्पष्टीकरण करा.